‘सगळे चालतात’ म्हणणाऱ्या दुकानात जाण्यापूर्वी



वार्षिक परीक्षा संपत आली की शाळेच्या फाटकावर मला कुणी ना कुणी गाठतंच. "मॅडम, पोरगं फिशटँकसाठी मागे लागलंय. घेऊ का? आणि घेतला तर मासे कुठले टाकू?" शाळेच्या प्रयोगशाळेतली टाकी माझ्या ताब्यात आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. ‘घेऊ का’ला मी बहुतेक वेळा ‘घ्या’ म्हणते. ‘कुठले टाकू’चं उत्तर मात्र रिक्षा थांबवून देण्यासारखं नाही. ते आज निवांत देते.

सगळीकडे साधारण एकच प्रकार घडतो. शनिवारी संध्याकाळी सगळं घर दुकानात जातं. पोरं काचेला नाक लावून बोटं दाखवत सुटतात: हा केशरी, तो काळा, तो निळा चमकणारा, आणि तो शार्क! प्रत्येक प्रकारचा एकेक हवा असतो. बाबा विचारतात, "हे सगळे एकत्र चालतात ना?" दुकानदार जाळी फिरवता फिरवता म्हणतो, "चालतात, काही टेन्शन नाही." पिशव्यांत हवा भरून रबरबँड लागतात. टाकी, पंप, रंगीत खडे, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा पेटारा, सगळं एकाच फेरीत घरी येतं आणि रात्रीच्या जेवणाआधी मासे पाण्यात असतात. आठवड्याच्या आत पहिला मासा तरंगतो, महिन्याभरात निम्मे संपतात. मुलांचे डोळे भरतात, आई म्हणते, "मी आधीच सांगितलं होतं," आणि टाकी गच्चीवर जाते. तिच्यात पुढे कोथिंबीर लावतात.

यात दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. त्याच्या टाकीत ते सगळे खरोखरच चालत असतात. तिथले बहुतेक मासे अजून पिल्लं असतात. शिवाय दाटी इतकी असते की कुणाला स्वतःची हद्द आखून राखता येत नाही, आणि भांडणाला तोंड फुटायच्या आत ते विकलेही जातात. माशाचा स्वभाव वय वाढलं आणि जागा मिळाली की उघडा पडतो, आणि तोवर तो तुमच्या हॉलमध्ये आलेला असतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की माशांची निवड दुकानात करू नका. ती घरी करा, मुलाला शेजारी बसवून, कागद-पेन्सिल घेऊन. हा मासा मोठेपणी केवढा होतो, त्याच्या तोंडात कोण मावतं, तो एकटा राहतो की घोळक्यात, आणि त्याला पाणी कसं लागतं, एवढं कळलं की नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतःच्या यादीवर स्वतः काट मारतं. तुम्हाला ‘नाही’ म्हणावंच लागत नाही.

तोंडापासून सुरुवात करू, कारण मुलांना त्यातच सगळ्यांत जास्त रस असतो. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा खाऊ, असा सरळ हिशेब आहे. एंजल मासा दुकानात पाच रुपयांच्या नाण्याएवढा असतो. निऑन टेट्राच्या घोळक्यात तो फिरताना फार गोड दिसतो. तोच एंजल वर्षभरात मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा होतो, आणि निऑन मात्र तीन-साडेतीन सेंटिमीटरवरच थांबतो. दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पण म्हणून त्यांनी गुण्यागोविंदाने नांदावं असं काही नाही. एका सकाळी निऑन मोजताना एक कमी भरतो. मुलं दगड उचलून, झाडाची पानं बाजूला करून शोधतात. दोन दिवसांनी आणखी एक कमी. एंजलचं पोट तेवढं टुमटुमीत दिसत असतं.

‘शार्क’ची गोष्ट तर मी वर्गात मुद्दाम सांगते. दुकानात रुपेरी किंवा पांढऱ्या रंगाचे, बोटाएवढे, एकसारखे फेऱ्या मारणारे जे छोटे ‘शार्क’ मिळतात, ते बहुधा पंगास असतात. आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला हा मासा. तो शार्क नाही, मार्जारमीन म्हणजे कॅटफिश आहे, आणि मोठेपणी मीटरभर किंवा त्याहूनही लांब होतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे ताटात येतं ते पुष्कळदा याचंच मांस असतं. हे सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता पसरते, मग हास्याचा स्फोट होतो, आणि नंतर कुणी शार्क मागत नाही. दोन फुटी टाकीत हा मासा घाबरून काचेवर आपटत राहतो आणि नाकाडावर जखमा करून घेतो. तो आडदांड असतो म्हणून नाही, तर त्याला पळायला जागाच नसते.

सकरचंही तसंच. "हा टाकी साफ ठेवतो" म्हणून तो जवळजवळ प्रत्येक घरात घुसलेला आहे. बोटाएवढा असताना तो काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडतो, हे खरं. पण तो फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो, वय वाढलं की शेवाळापेक्षा बाकीच्या माशांच्या खाण्यावर डोळा ठेवतो, आणि त्याच्या विष्ठेच्या लांबच लांब दोऱ्या तुम्हालाच उपसाव्या लागतात. काच साफ करायला घरातलं मुदत संपलेलं एटीएम कार्ड पुरतं. ते वाढत नाही आणि खातही नाही.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना हे मिक्स टाकीचे मासेच नव्हेत. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात नसलेला, माणसाने वेगवेगळ्या सिक्लिड जातींच्या संकरातून घडवलेला मासा आहे. कपाळावरच्या टेंगळासाठी लोक तो नशिबाचा म्हणून आणतात. आणा बापडे, पण त्याला स्वतंत्र मोठी टाकी द्या आणि त्याच्याबरोबर दुसरं काही ठेवू नका.

आता स्वभावाचं. मूल म्हणतं, प्रत्येकी एक. आपल्यालाही ते बरं वाटतं, विविधता दिसते. पण टेट्रा, बार्ब, रासबोरा, कोरी हे घोळक्याने राहणारे जीव आहेत. रानात शेकड्यांनी फिरणारा निऑन एकटा ठेवला की कोपऱ्यात पानामागे उभा राहतो, रंग फिका पडतो, खाणं टाळतो. सहा-आठ जण झाले की तोच समोर येऊन मिरवतो. तेव्हा सहा प्रकारचे सहा मासे घेण्यापेक्षा एकाच प्रकारचे सहा घ्या. टाकी साधी दिसेल अशी भीती वाटते, पण प्रत्यक्षात उलटं होतं. घोळक्याला एक चाल असते, तो एकदम वळतो, एकदम थबकतो, आणि मूल अर्धा तास जागचं हलत नाही.

टायगर बार्बचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. सुमात्रा बेटावरचा हा पिवळसर मासा, अंगावर चार काळे उभे पट्टे. एक-दोनच आणले आणि सोबत एंजल किंवा लांब शेपटीचा गप्पी असला, की हा मागून येतो, पटकन शेपटीचं टोक तोडतो आणि काही न झाल्यासारखा पुढे जातो. एंजलचे पोटाखाली लोंबणारे लांब दोरे तर त्याला फारच आवडतात. चार-सहा दिवसांत त्या दोऱ्यांचे नुसते खुंट राहतात, पर फाटके होतात, आणि फाटक्या जागी पांढरी बुरशी धरते. हेच टायगर बार्ब आठ-दहा ठेवले तर त्यांची सगळी मस्ती आपापसांत जिरते. मग ते एकमेकांमागे धावतात, मोठा कोण हे ठरवतात आणि इतरांना बऱ्यापैकी मोकळं सोडतात. तरीही लांब परांचे, सावकाश पोहणारे मासे त्यांच्या शेजारी नकोतच. वर्गातल्या दंगेखोर मुलांना एकेकटं बसवावं की एकत्र, यावर शिक्षकांत दोन मतं आहेत. टायगर बार्बबद्दल मात्र एकच.

फायटर, म्हणजे थायलंडचा बेट्टा, हा दुसऱ्या टोकाचा. दोन नर एकत्र ठेवायचे नसतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मोठ्या रंगीत शेपटीचा गप्पीसुद्धा त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो हे ठाऊक नसतं. आणि तो दुकानात बाटलीत तगतो म्हणून घरीही बाटलीत ठेवावा, असं नाही. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू शोषणारा एक अवयव असतो, त्यामुळे तो तिथे जिवंत राहतो, एवढंच. ज्या घरात जागा कमी आहे आणि मुलाला नाव ठेवता येईल असा एकच मासा हवा आहे, त्यांना मी फायटरच सुचवते. पंधरा-वीस लिटरची टाकी, एखादं झाड, संथ फिल्टर, आणि तो एकटा. हाका मारल्यावर नाही, पण खाण्याची डबी दिसली की तो समोर येतो. तेवढ्यावर मुलं खूश असतात.

पाण्याबद्दल आता थोडं. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, कार्पच्या कुळातला. १८ ते २२ अंश तापमान त्याला मानवतं. टेट्रा, गोरामी, फायटर यांना २४ ते २८ लागतं. दोघांना एकत्र ठेवलं की एकाला नेहमी उकडतं नाहीतर दुसऱ्याला नेहमी थंडी वाजते. त्यात गोल्डफिश खातो भरपूर, घाण करतो भरपूर, आणि तोंडात मावेल तो छोटा मासाही गिळतो. आठ सोनेरी आणि एक काळा अशी जी वास्तूवाल्यांची जोडणी आहे, ती दोन फुटी टाकीत घालणं म्हणजे नऊ जणांना हळूहळू मारणं. एका गोल्डफिशची वाढ नीट झाली तर तो वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. काचेच्या गोल भांड्यात तो वर्षभरही टिकत नाही म्हणून आपल्याला वाटतं की त्याचं आयुष्यच तेवढं. विदर्भातल्या पालकांनी तर गोल्डफिशचा नाद सोडावा हे बरं. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी तीस अंशांच्या वर जातं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो तो त्यामुळे. त्याला भूक लागलेली नसते.

तुमच्या नळाला काय येतं तेही बघा. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ आहे. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायट्यांत बादलीला पांढरा थर बसतो, ते जड पाणी. मऊ पाण्यात टेट्रा, रासबोरा, गोरामी खुलतात. जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली मजेत राहतात. पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा ते पाणी सोसतील असे मासे आणावेत. आणि नातवाच्या माशांना ‘शुद्ध’ म्हणून आरओचं पाणी घालणारे प्रेमळ आजोबा मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून थांबवा. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरलेले नसतात, मासे त्यात टिकत नाहीत.

यानंतर जे सांगते ते पालकांना सगळ्यांत जड जातं. टाकी आणा, पण मासे महिनाभर आणू नका.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, उरलेलं खाणं कुजलं तरी तोच तयार होतो. तो जहर आहे. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. काही जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात आणि जे आपण पाणी बदलून कमी करू शकतो. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत शनिवारी टाकलेले मासे आठवड्याभरात मरतात ते बहुतेक वेळा या अमोनियाने. पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ असतं, म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ऐकायला छान वाटतं, मुलाचीही समजूत निघते. पण त्या एका वाक्याने पाण्याची चौकशी बंद होते आणि पुढच्या शनिवारी नवा मासा त्याच पाण्यात पडतो. मला ही समजूत आवडत नाही, आणि मी ते पालकांना तोंडावर सांगते.

तेव्हा रिकामी टाकी चालू करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जीवाणूंनाही मारतं, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब घाला किंवा पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवून मग भरा. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खायला मिळतं. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे संच मिळतात. एक दिवसाआड मुलाला संचातल्या नळीत थेंब मोजून टाकू द्या, रंग तक्त्याशी ताडून बघू द्या आणि आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहू द्या. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग दोन्ही शून्यावर येतात. सातवीतल्या मुलाला आलेख काढायला याहून चांगलं निमित्त मला तरी सुचत नाही. "रिकाम्या टाकीत काय बघायचं?" असं विचारणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात "आज नायट्राइट उतरलं का?" म्हणून सकाळी उठल्या उठल्या टाकीपाशी उभी असतात. याच महिन्यात माशांची यादी पक्की करायची.

आता प्रत्यक्ष काय घ्यावं. आपल्याकडे सर्रास मिळते ती दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी. हिशेबाने तिच्यात छप्पन लिटर पाणी मावतं, पण खडे टाकून आणि वर थोडी जागा सोडून पंचेचाळीसच्या आसपास राहतं. (वजन विसरू नका. काच, खडे, पाणी धरून साठ-सत्तर किलो होतात. टीव्हीखालचं पातळ फळीचं कपाट ते पेलत नाही.) मऊ पाणी असेल तर मी यात सहा-सात चेरी बार्ब घेईन. श्रीलंकेचा हा मासा टायगर बार्बचा नातलग असला तरी स्वभावाने अगदी गरीब. नर पिकल्या चेरीसारखे लाल होतात. सोबत एक हनी गोरामी. आपल्याच ईशान्य भारतातला आणि बांगलादेशातला हा छोटा मधाळ रंगाचा मासा पोटाखालचे दोन दोऱ्यांसारखे पर पुढे करून प्रत्येक वस्तू चाचपून बघतो. मुलं तासन्‌तास त्याची नक्कल करतात. तळाला पाच छोट्या कोरी. त्यांच्या तोंडापाशी मिशा असतात, त्या वाळूत खुपसून त्या खाणं शोधतात, म्हणून तळाला टोकदार खडी नको, बारीक गुळगुळीत वाळू हवी. मधूनच एखादी कोरी बाण सुटावा तशी वर जाते, हवेचा घोट घेते आणि परत खाली येते. ती आजारी नाही, तिची पद्धतच तशी आहे. एवढ्यात टाकी भरली. दिसायला अजून जागा दिसेल, तरी भरली.

मोठी, चार फुटी टाकी घेण्याची ऐपत आणि जागा असेल, तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या नद्यांतला डेनिसन बार्ब, ज्याला बाजारात ‘मिस केरळ’ म्हणतात, तो घोळक्याने ठेवता येतो. अंगावर लाल आणि काळी रेघ, चाल अतिशय वेगवान. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं गेलं. पण तो धोक्यात आलेल्या जातींपैकी आहे आणि हौशी लोकांसाठी नद्यांतून बेसुमार पकडला गेला, हेही मुलांना सांगा. नदीतून पकडलेला आहे की पैदाशीचा, हे दुकानदाराला विचारा आणि उत्तर पटलं नाही तर घेऊ नका.

झेब्रा डॅनियो हाही आपलाच. बुकॅनन-हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत गर्भाची वाढ आणि आजार यांचा अभ्यास त्याच्यावर चालतो. काटक, स्वस्त, सहाचा घोळका झकास दिसतो. फक्त तो भलताच चपळ आहे, सावकाश खाणाऱ्या माशांच्या तोंडचा घास पळवतो. गोरामीबरोबर ठेवलात तर खाणं दोन कोपऱ्यांत टाका.

जड पाण्यात गप्पी. आपल्याकडे डेंगी-मलेरियाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसं डबक्यांत, हौदांत सोडतात तेच हे गप्पी, फक्त दुकानातले जास्त नटवे. काटक म्हणून पहिल्या टाकीला उत्तम, पण एक गोष्ट ठरवून घ्या. नर-मादी आणलेत तर महिन्याभरात पिल्लं. मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवू शकते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी पिल्लं होतात. मादी आकाराने मोठी, रंगाने साधी, शेपटीच्या अलीकडे पोटावर काळसर डाग. नर लहान, रंगीत. संख्या आवाक्यात ठेवायची असेल तर सहा-सात नरच आणा. पिल्लं हवीच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीचा पिच्छा पुरवून तिला बेजार करतो. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, की आई स्वतःची पिल्लं खाते. हे अचानक दिसलं तर लहान मूल हादरतं. मला एका दुसरीतल्या मुलीने विचारलं होतं, "तिला कळत नाही का ती तिची आहेत?" नाही कळत, असं मी म्हटलं. दाट झाड ठेवलं तर पिल्लांना लपायला मिळतं, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गच्चीवरच्या कुंडीतलं काहीतरी हिरवं घेऊन आली. पाण्यातली झाडं वेगळी असतात हे मग तिला समजावलं.

कामाची वाटणी आधी करा. सहा-सात वर्षांच्या मुलाने खाणं टाकावं, पण मोजून तुम्ही द्यावं. दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. आजी एकादशी धरत असतील तर माशांची तीही पाळावी, त्यांना काही होत नाही. दर आठवड्याला पाव टाकी पाणी नळीने ओढून बदलायचं, हे काम मोठ्या मुलाचं आणि तुमचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच पिळायचा, नाहीतर महिनाभर जोपासलेले जीवाणू क्लोरीनने साफ होतात. ती बादली फक्त टाकीची. तिच्यात कपडे भिजवायचे नाहीत, साबणाचा अंशही माशांना चालत नाही.

मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याची अख्खी डबी देऊ नका. माणूस प्रेमाने चमचाभर टाकतो, ते कुजतं, आणि तुम्ही येईपर्यंत टाकीचं गटार होतं. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी असते ना, तिच्यात एकेका दिवसाचं खाणं भरून ठेवा. चार-पाच दिवसांसाठी जात असाल तर तेही नको. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो.

कधीतरी मासा मरणारच. रात्री गुपचूप तसाच दुसरा आणून टाकू नका. मुलाला कळतं. कळलं नाही असं वाटलं तरी पुढे कधीतरी कळतं, आणि मग माशापेक्षा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो. त्याला बोलवा, पाणी तपासायला लावा, बाकीच्यांकडे नीट बघायला लावा. कुंडीत पुरायचा तर त्यानेच पुरावा. रडला तर रडू द्या.

आणि नको झालेला मासा नदीत, तळ्यात, विहिरीत, गणपतीच्या घाटावर सोडू नका. त्यात पुण्य नाही. टाकीत मावेना म्हणून लोकांनी सोडलेला सकर आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून केरळ-तमिळनाडूच्या पाणवठ्यांपर्यंत पसरला आहे. काटेरी, कडक सालीचा, कुणी खात नाही, जाळी फाडतो, आणि स्थानिक माशांचं खाणं आणि जागा बळकावतो. विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, "मोठा झाला किंवा पटला नाही तर परत घ्याल का?" बरेच जण घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. जो घेत नाही त्याच्याकडून शार्क-सकर तर अजिबातच आणू नयेत.

यादी ठरली आणि टाकी पिकली, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी जा. शनिवारची गर्दी नसते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. यादीतले सगळे एकदम आणायचे नाहीत. आधी घोळका, दोन आठवड्यांनी तळाचे, शेवटी गोरामी, म्हणजे तो आल्या आल्या हद्द आखून बसत नाही. ज्या टाकीत एखादाही मासा मेलेला, अंगावर पांढरे ठिपके असलेला किंवा पर मिटून बसलेला दिसला, तिच्यातला कुठलाच मासा घेऊ नका, मुलाने कितीही हट्ट धरला तरी. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा, पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग पिशवीत टाकीतलं पाणी थोडं थोडं घालत राहा, आणि अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. ते झाडांना घाला.